वडिलांच्या मागें राहिलेलें वेल्डिंगचें यंत्र

वांटणीच्या वेळीं शेताची मोजणी होते, घराच्या खोल्या मोजल्या जातात, भांडींकुंडीं आणि दागिने यांची यादी होते. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी या भागांतल्या पुष्कळ घरांत या यादीच्या शेवटीं आणखी एक वस्तु येते. वडिलांच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यांत, ताडपत्रीखालीं, लोखंडी टांकीसारखें एक जड धूड उभें असतें. खालीं लहान चाकें, वर हातानें फिरवावयाचें एक चाक, आणि पुढच्या बाजूस दोन जाड पितळी खुंट्या. या यंत्रावर वडिलांनीं तीसचाळीस वर्षें नांगरांचे फाळ सांधले, ट्रॉल्यांच्या चौकटी जोडल्या, उसाच्या गाड्यांचे आंस दुरुस्त केले आणि मुलांचीं शिक्षणें पुरीं केलीं. वडील गेले. मुलगा बँकेंत किंवा शाळेंत नोकरीला असतो; त्याला यंत्राची माहिती नसते, पण ममत्व असतें. भंगारवाला तांब्याच्या भावानें किंमत सांगतो, शेजारचा फॅब्रिकेशनवाला थोडी अधिक सांगतो, आणि जमलेल्यांपैकीं कोणी तरी म्हणतो, "आधीं चालतें का तें तर पाहूं!"

या एका वाक्यांत धोका आहे. पडून असलेली सायकल चालते का हें पाहतांना फार तर गुडघा खरचटतो. पण वीस पावसाळ्यांची दमट हवा ज्याच्या पोटांत गेली आहे अशा वेल्डिंगच्या यंत्राला वीज देऊन पाहिली, तर पाहणाराच प्राणास मुकूं शकतो. आणि तोहि ठिणगी पडण्यापूर्वीं, नुसता टांकीला हात लागून. म्हणून अशा यंत्राची सारी ओळख वीज न जोडतां करून घ्यावयाची असते. सुदैवानें तशी ती होऊं शकते.

यंत्र कोणत्या जातीचें आहे हें प्रथम पाहावें. लोखंड वितळविणारी विजेची ज्योत टिकविण्यासाठीं दाब थोडा लागतो, वीसतीस व्होल्टच. परंतु प्रवाह मात्र शंभर, दोनशें, तीनशें अँपिअर असा मोठा लागतो. तारांवरून येणारी वीज याच्या नेमकी उलट असते. तिचा दाब मोठा, आणि ती वाहून आणणाऱ्या तारा इतका प्रवाह सोसण्याजोग्या नसतात. एका प्रकारच्या विजेचें दुसऱ्या प्रकारांत रूपांतर करणें एवढेंच वेल्डिंगच्या यंत्राचें काम आहे, आणि तें करण्याच्या रीतीवरून त्याच्या जाती पडल्या आहेत.

सर्वांत जुनी रीत म्हणजे विजेच्या मोटरीनें किंवा इंजिनानें एक जनित्र फिरवावयाचें आणि त्यांतून डी. सी. प्रवाह घ्यावयाचा. अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथील लिंकन कंपनीनें आपलें पहिलें वेल्डिंगचें यंत्र १९११ सालीं केलें, तें या जातीचें. एका आंसावर दोन गोल पिपें आडवीं बसवावीं तसा त्याचा आकार असतो, आणि एका टोकाची जाळी काढली तर आंत तांब्याच्या पट्ट्यांचा गोल कॉम्युटेटर व त्यावर टेकलेले कार्बनचे ब्रश दिसतात. दुसऱ्या महायुद्धानंतर डिस्पोजलच्या बाजारांतून आलेलीं अमेरिकन यंत्रें जुन्या कारखान्यांतून पुष्कळ वर्षें फिरत होतीं. दुसरी जात रेक्टिफायरची. हिच्यांत ट्रान्सफॉर्मरच्या पुढें ए. सी.चा डी. सी. करणारे भाग असतात. सन १९५० नंतरच्या कांहीं यंत्रांत हे भाग सेलेनियम लावलेल्या पातळ पत्र्यांचे, एकापुढें एक रचलेल्या चकत्यांसारखे दिसतात. त्या चकत्या जळाल्या तर उग्र दुर्गंधीचा विषारी धूर निघतो, एवढें लक्षांत ठेवून दार उघडावें आणि बाहेर पडावें.

परंतु महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांत आणि उद्यमनगरांत वारशानें येणारें यंत्र बहुधा तिसऱ्या जातीचें असतें. तें म्हणजे तेलांत बुडविलेला ट्रान्सफॉर्मर. त्यांत फिरणारा भाग नाहीं, झिजणारा भाग जवळजवळ नाहीं. लोखंडी पातळ पत्र्यांच्या गाभ्यावर तारेचीं दोन वेटोळीं असतात; पहिल्यांत बाहेरची वीज जाते, दुसऱ्यांतून वेल्डिंगची वीज निघते, आणि दोहोंमध्यें तारेचा कसलाहि सांधा नसतो. वरचें चाक फिरविलें कीं गाभ्याचा एक भाग आंतबाहेर सरकतो व प्रवाह कमीजास्त होतो. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालें आणि पुढें तालुक्यातालुक्यांतून तीन फेजची वीज पोंचली, तसें हें साधें, मुकाट्यानें राबणारें यंत्र वर्कशॉपांतून सर्वत्र दिसूं लागलें.

आतां नांवाची पट्टी. यंत्राची जन्मपत्रिका म्हणतां येईल अशी ही वीतभर धातूची पट्टी तेलाच्या आणि रंगाच्या थरांखालीं दडलेली असते. ती पॉलिश पेपरनें घासूं नये, अक्षरें जातात. रॉकेलमध्यें भिजविलेल्या फडक्यानें सावकाश पुसावी व तिचें छायाचित्र घेऊन ठेवावें. पट्टीवरून वयाचा अदमास लागतो. 'सायकल्स' हा शब्द असेल तर यंत्र जुन्या पिढीचें समजण्यास हरकत नाहीं, कारण 'हर्ट्झ' हें नांव आंतरराष्ट्रीय परिमाणांत १९६० सालीं आलें. मात्र जुनी संवय लगेच सुटत नाहीं, तेव्हां या एकाच खुणेवर विसंबूं नये. 'बी. एस. ६३८' हा आंकडा ब्रिटिश मानकाचा, 'आय. एस. १८५१' हा भारतीय मानकाचा. 'अडवाणी-ओर्लिकोन' हें नांव असेल तर यंत्र १९५१ नंतरचें, कारण अडवाणींचा स्वित्झर्लंडमधील ओर्लिकोनशीं सहकार त्या सालीं सुरू झाला. त्याच कंपनीचें नांव पुढें ॲडोर वेल्डिंग असें झालें.

वयापेक्षां महत्त्वाचे आंकडे पुढें आहेत. आंत येणाऱ्या विजेचा दाब किती, ती किती सायकल्सची, रॉड टेकविण्यापूर्वीं खुंट्यांमध्यें दाब किती राहतो, प्रवाह किती पासून किती पर्यंत, आणि 'ड्यूटी सायकल' किती टक्के. या शेवटच्या शब्दाचा अर्थ पुष्कळ जुन्या वेल्डरांनाहि नीट सांगतां येत नाहीं. ३०० अँपिअरला ६० टक्के याचा अर्थ असा कीं, तेवढ्या प्रवाहावर दहा मिनिटांपैकीं सहा मिनिटें ज्योत चालावी आणि चार मिनिटें यंत्रास विसावा मिळावा. अखंड चालवावयाचें असेल तर तेंच यंत्र सुमारें २३० अँपिअरच सोसतें. वडिलांना हा हिशेब कागदावर ठाऊक नसेल, पण टांकीवर हात ठेवून तो त्यांना कळत असे.

पट्टीवर ६० सायकल्स असतील तर यंत्र अमेरिकेच्या विजेसाठीं केलेलें आहे. आपल्याकडील ५० सायकल्सच्या विजेवर तितक्याच दाबानें तें लाविलें तर गाभ्यांतील चुंबकत्व प्रमाणाबाहेर वाढतें आणि काम नसतांहि यंत्र तापतें. पट्टी नसेलच तर अंदाजानें वीज देऊं नये. मोटर वाइंडिंगचा जाणकार कारागीर एका वेटोळ्याला अगदीं थोड्या दाबाची वीज देऊन दुसऱ्यावर किती येते हें मोजतो व दोहोंचें प्रमाण काढतो. तेवढें काम त्याच्याकडून करवून घ्यावें.

विजेच्या जोडणीविषयीं दोन गोष्टी अशा आहेत कीं त्या न कळल्यामुळें अपघात होतात. घरगुती जोडणींत एक फेज आणि एक न्यूट्रल असते. त्या दोहोंमधील दाब २३० ते २४० व्होल्ट. मोठें वेल्डिंगचें यंत्र मात्र दोन फेजांमध्यें जोडलेलें असतें व तेथें दाब ४०० ते ४१५ व्होल्ट असतो. म्हणजे यंत्राकडे जाणाऱ्या दोन्ही तारा जिवंत आहेत. त्यांत निरुपद्रवी अशी एकहि नाहीं. एकाच तारेंत बसविलेला स्विच बंद केला तर यंत्र गप्प बसतें, पण दुसऱ्या तारेनें सगळें वेटोळें जमिनीच्या मानानें पूर्वीइतकेंच जिवंत राहतें. म्हणून मेन स्विच दोन्ही फेज एकदम तोडणारा असावा लागतो. दुसरी गोष्ट अशी कीं, कांहीं यंत्रांत २३० आणि ४०० अशा दोन्ही दाबांची सोय असून झांकणाखालीं पितळी पट्ट्या बदलून ती केलेली असते. पट्ट्या २३० वर असतां ४०० ची वीज दिली तर खुंट्यांवर ८० व्होल्टच्या जागीं १४० च्या घरांत दाब येतो. उलट चूक झाली तर ज्योत धरतच नाहीं, आणि चांगल्या यंत्रास दोष देऊन तें भंगारांत जातें.

विजेचा हिशेबहि करून पाहावा. ८० व्होल्ट दाब आणि ३०० अँपिअर प्रवाह यांचा गुणाकार २४,००० होतो. त्यास ४०० नें भागलें कीं ६० अँपिअर. घरगुती मीटर आणि त्याच्या तारा या कामासाठीं नाहींत. ओसरीवरच्या बोर्डांतून वायर ओढून 'एकच रॉड' जाळून पाहणें याचा परिणाम यावरून सहज ध्यानांत येईल.

तारांच्या रंगावर तर मुळींच विश्वास ठेवूं नये. आपल्याकडे जुन्या पद्धतीनें लाल, पिवळा व निळा हे फेज, काळा न्यूट्रल आणि हिरवा जमिनीचा. अमेरिकेंत काळी तार जिवंत असते. जर्मनींत १९६५ पूर्वीं लाल तार ही जमिनीची असे! एखाद्या जुन्या जर्मन यंत्राची लाल तार आपल्या वायरमननें संवयीनें फेजला जोडली, तर यंत्राचा सबंध सांगाडाच जिवंत होतो. कोणती तार टांकीच्या लोखंडाला भिडली आहे, हें मीटर लावून प्रत्यक्ष पाहिल्यावरच तिचें नांव ठरवावें.

येथें या विषयांतील मुख्य मुद्दा येतो. टांकीच्या दोन पितळी खुंट्यांपैकीं एकीला होल्डरची केबल लागते, व दुसरीला जी केबल लागते ती चिमट्यानें कामाच्या लोखंडाला धरतात. या दुसऱ्या केबलला वर्कशॉपांत सर्रास 'अर्थिंग' म्हणतात. वडीलहि तसेंच म्हणत असतील. शब्द सोयीचा आहे, पण खोटा आहे. ही केबल जमिनीची नव्हे. रॉडमधून कामांत गेलेला प्रवाह यंत्राकडे परत आणणारी ती वाट आहे. खरी अर्थिंग वेगळीच असते. ती टांकीच्या लोखंडाला, बहुधा तळाशीं असलेल्या एका लहान बोल्टला जोडलेली, आणि तेथून वर्कशॉपच्या अर्थिंगला गेलेली असते. पुष्कळ यंत्रांवर तो बोल्ट गंजून मोकळाच आढळतो, आणि विचारलें तर मालक चिमट्याकडे बोट दाखवून सांगतो, "अर्थिंग आहे कीं!"

या दोहोंची गल्लत कशी जीव घेते तें पाहण्याजोगें आहे. पहिल्या वेटोळ्याचें वेष्टण जुनें होऊन एके ठिकाणीं उघडें पडलें व तार टांकीला टेकली, असें समजूं. टांकीला अर्थिंग नसेल तर ती २४० व्होल्टवर जिवंत होऊन तशीच उभी राहते. यंत्र चालूच असतें, ज्योतहि नीट पडते, कांहीं बिघडल्याचें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. ओल्या जमिनीवर अनवाणी उभा असलेला पोरगा चाक फिरविण्यास हात लावतो, तेव्हांच तें कळतें. अर्थिंग पक्की असती तर तार टेकतांक्षणीं मोठा प्रवाह तिच्यांतून गेला असता, फ्यूज उडाला असता आणि यंत्र आपोआप मेलें असतें.

पक्की म्हणजे किती पक्की, हेंहि सांगितलें पाहिजे. जमिनींत हातभर सळई ठोकून तिला तार गुंडाळली म्हणजे झालें, अशी समजूत आहे. समजा, त्या सळईचा जमिनीशीं रोध २० ओहम आहे. २४० व्होल्टला तिच्यांतून १२ अँपिअर प्रवाह जाईल. यंत्राचा फ्यूज ६० अँपिअरचा. तो कां उडावा? टांकी जिवंतच राहील, आणि वर मनाला अर्थिंग केल्याचें समाधान. म्हणून वीजपुरवठ्याच्या अर्थिंगला तांब्याच्या किंवा जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या पुरेशा जाड पट्टीनें जोड देणें, त्या वाटेचा रोध मोजून घेणें, हें परवानाधारक विद्युत ठेकेदाराचें काम आहे. अलीकडे बसवितात तें आर. सी. सी. बी. नांवाचें उपकरण टांकीकडे गळणारी वीज ओळखून पुरवठा तोडतें, आणि तें अवश्य असावें. मात्र होल्डरच्या बाजूचा झटका त्यास दिसत नाहीं, कारण दुसरें वेटोळें पहिल्यापासून सुटें असतें. जुन्या यंत्रांच्या खुंट्यांवर रॉड टेकविण्यापूर्वीं ८० ते १०० व्होल्ट असतात. कोरड्या हातमोज्याला तो दाब जाणवत नाहीं. घामानें चिंब शर्टानें लोखंडी टांकीच्या आंत आडवें पडून काम करणाऱ्याला तो मारूं शकतो. अशा अडचणीच्या ओल्या जागीं ए. सी.चा दाब ४८ व्होल्टपेक्षां अधिक असूं नये, अशी आजच्या आंतरराष्ट्रीय मानकाची मर्यादा आहे. जुनें यंत्र ती पाळूं शकत नाहीं. तेव्हां पावसांत, टांकीच्या पोटांत किंवा विहिरीच्या कांठीं तें वापरूंच नये.

उलट्या बाजूचीहि एक गंमत आहे, जरी ती महाग पडते. चिमटा कामाला लावलाच नाहीं, किंवा गंजावर लावला, तर परतीचा प्रवाह दुसरी वाट शोधतो. काम साखळीनें लटकत असेल तर साखळींतून, गाडीवर काम असेल तर चाकांच्या बेअरिंगमधून, आणि जवळच्या ग्राइंडरची बॉडी कामाला टेकली असेल तर त्या ग्राइंडरच्या बारीक अर्थिंगच्या तारेंतून शंभरदोनशें अँपिअर परत येऊं पाहतात. ती तार भिंतींतल्या पाइपांत जळून जाते. दुसऱ्या दिवशीं ग्राइंडर नेहमीप्रमाणें चालतो. फक्त त्याला आतां अर्थिंग उरलेली नसते. म्हणून चिमटा कामाच्या शक्य तितका जवळ, घासून स्वच्छ केलेल्या लोखंडावर लावावा.

इतकें कळल्यावर यंत्राचें वेष्टण तपासावयाचें. मेन स्विच बंद करून फ्यूज काढून घ्यावे, तारा यंत्रापासून सोडवाव्या. बाजूला डबा जोडलेला असेल तर तो विजेचा आकडा सुधारण्यासाठीं लावलेला कंडेन्सर होय. वीज काढल्यावरहि त्यांत भार साठून राहतो. तो जाणकारानें रोधांतून रिकामा केल्यावांचून त्याच्या खुंट्यांना हात लावूं नये. मग ५०० व्होल्टच्या मेगरनें तीन मापें घ्यावीं. पहिलें वेटोळें व टांकी यांमध्यें अडीच मेगोहम, दुसरें वेटोळें व टांकी यांमध्यें अडीच, आणि दोन वेटोळ्यांच्या दरम्यान पांच, एवढा रोध दुरुस्तीनंतर तरी असावा, असें आजचें मानक सांगतें. माप कमी आलें म्हणून लगेच निराश होण्याचें कारण नाहीं. पुष्कळदां तो ओलाव्याचा दोष असतो. हवेवर थंड होणाऱ्या यंत्रास कांहीं दिवस झांकणाखालीं साधे दिवे लावून ऊब दिली तर माप चढत जातें. तेलाच्या यंत्राचें तेल काढून, गाळून, सुकवून परत भरावें लागतें. माप शून्यावरच बसून राहिलें तर वेटोळें पुन्हां गुंडाळण्याखेरीज उपाय नाहीं.

साफसफाई करतांना एक मोह टाळावा. वर्कशॉपांत धूळ दिसली कीं कंप्रेसरच्या हवेनें उडविण्याची रीत आहे. जुन्या यंत्रांत तारांवर गुंडाळलेली पांढुरकी सुती दिसणारी फीत, किंवा खुंट्यांमागचा करडा ठिसूळ तक्ता, ॲस्बेस्टॉसचा असूं शकतो. त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू फुप्फुसांत जाऊन बसतात व त्यांचा आजार वीसतीस वर्षांनीं डोकें वर काढतो. तसा संशय असेल तर तेथें हवा मारूं नये, घासूं नये. ओल्या फडक्यानें टिपावें आणि तो भाग उखडण्याच्या भानगडींत पडूं नये.

राहिलें तेल. टांकींतील तेल दोन कामें करतें. उष्णता बाहेर नेतें आणि वेटोळ्यांचें वेष्टण म्हणून उपयोगी पडतें. पाणी तेलापेक्षां जड, म्हणून तें तळाशीं साचतें. खालच्या तोटींतून प्रथम थोडेंसेंच तेल कांचेच्या बरणींत घ्यावें. पाण्याचे थेंब, गाळ किंवा जळका वास आढळल्यास तेल बदलावें. बहुतेक यंत्रांत तें साधें खनिज तेल असतें व पाण्यावर तरंगतें. परंतु विसाव्या शतकांत, अमेरिकेंत १९२९ पासून पुढें, न पेटणारें म्हणून एक कृत्रिम तेल विजेच्या उपकरणांत आणि विशेषेंकरून कंडेन्सरांत भरीत असत. त्याचें शास्त्रीय नांव पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, म्हणजेच पी. सी. बी.; पट्टीवर तें आस्कॅरेल, पायरॅनॉल, इनर्टीन, क्लोफेन अशा नांवांनीं आढळतें. १९६८ सालीं जपानांत हें द्रव्य कारखान्यांतील नळांतून झिरपून तांदळाच्या कोंड्याच्या खाद्यतेलांत मिसळलें आणि तें तेल खाणारे लोक मोठ्या संख्येनें आजारी पडले. अमेरिकेनें त्याच्या उत्पादनावर १९७९ सालीं बंदी घातली. भारतांत २०१६ च्या आदेशानें त्याची निर्मिति व आयात बंद झाली, आणि उपकरणांतील वापरास ३१ डिसेंबर २०२५ ही शेवटची मुदत दिली गेली.

बरणींतील पाण्यांत तेलाचा थेंब टाकला आणि तो बुडाला, तर तें जवळजवळ निखळ पी. सी. बी. समजून झांकण लावावें व पुढें कांहीं करूं नये. तरंगला तर तें खनिज तेल. पण त्यांत पी. सी. बी.चा अंश मिसळलेला नाहीं असें तेवढ्यावरून सिद्ध होत नाहीं, तें प्रयोगशाळाच सांगूं शकते. ट्रान्सफॉर्मरचें तेल सांधेदुखीवर चोळण्याची एक समजूत खेड्यांतून आढळते. म्हाताऱ्या माणसांनीं जुन्या यंत्राच्या तेलाची बाटली भरून नेली असेल तर ती मागून घ्यावी, मग वाईटपणा आला तरी चालेल.

तेलासंबंधीं आणखी एक. टांकी कडेला गळत असते आणि घरांत वेल्डिंग येणारा कोणी असतो, तेव्हां दुसरें यंत्र आणून तेथेंच एक टांका मारण्याची इच्छा होते. तेल असलेल्या, किंवा तेल काढून नुसत्याच रिकाम्या केलेल्या टांकीला ज्योत लावणें म्हणजे बंद भांड्यांतील तेलाच्या वाफेला ठिणगी देणें. असे स्फोट झालेले आहेत. गळती लहान असेल तर बहुधा ती झांकणाच्या किंवा खुंट्यांच्या पुठ्ठ्याची असते, आणि नवा पुठ्ठा घालून भागतें.

सर्व मापें ठीक आलीं, तेल ठीक, अर्थिंग पक्की, केबलींचें रबर तडकलेलें नाहीं, होल्डरची मूठ शाबूत आहे, असें झालें म्हणजे मग वीज द्यावी. आणि तीहि ठेकेदाराच्या समक्ष, दुसऱ्या माणसाला मेन स्विचपाशीं उभें करून. प्रथम कामाशिवाय पंधरावीस मिनिटें यंत्र नुसतें चालूं द्यावें. ट्रान्सफॉर्मरचा गुणगुणाट स्वाभाविक आहे. खडखडाट असेल तर गाभ्याचे बोल्ट सैल आहेत. खुंट्यांमधील दाब मोजून पट्टीशीं ताडावा. मग कमी प्रवाहावर एक रॉड. रॉडच्या प्रती जुन्या व दमट असतील तर ज्योत फडफडते व सांध्यांत छिद्रें पडतात. त्याचा दोष यंत्राला देऊं नये, नवा पुडा फोडावा.

यंत्र ठेवावें कीं विकावें, हा प्रश्न आतां विचारतां येतो. हातांत उचलून नेतां येणारें आजचें इन्व्हर्टर यंत्र खिडकीची जाळी आणि फाटक जोडण्याचें काम कमी विजेंत करतें, आणि ज्याला वर्षाकाठीं दहाबारा रॉड जाळावयाचे आहेत त्यानें जुनें धूड केवळ ममत्वापोटीं विजेला जोडून ठेवणें शहाणपणाचें नाहीं. जाड पत्र्याचें काम रोज चालणार असेल तर मात्र चांगल्या स्थितींतला तांब्याच्या वेटोळ्यांचा ट्रान्सफॉर्मर आणखी एक पिढी काढील. भंगारांत देतांना वेटोळीं तांब्याचीं आहेत कीं ॲल्युमिनियमचीं, हें पट्टीवरून किंवा झांकणाखालीं पाहून ठरवावें. दरांत फार फरक पडतो. तेल मात्र भंगारवाल्याला आवारांत ओतूं देऊं नये. वापरलेलें तेल हें धोकादायक कचऱ्याविषयींच्या २०१६ च्या नियमांखालीं येतें, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळानें अधिकृत केलेल्या संकलकाकडेच तें द्यावयाचें असतें. यंत्र हलविण्यापूर्वीं तें काढून, घट्ट झांकणाच्या पिंपांत भरून, पिंपावर कशाचें तेल तें लिहून ठेवावें. नांवाची पट्टी स्क्रूनें लावलेली असेल तर ती काढून घरांत ठेवण्यास भंगारवाल्याची हरकत नसते.